पेशीला विष कळतं कसं

ती. आई-बाबांना,
सा. न.

धुरातलं विष पेशी ओळखते कशी, हा बाबांचा प्रश्न. धुरात बेंझोपायरीन असतं. ते तेलात विरघळणारं, म्हणून पेशीच्या स्निग्ध आवरणातून सहज आत शिरतं. आत एएचआर नावाचं प्रथिन असतं. ते बेंझोपायरीनला धरतं, केंद्रकात जातं, तिथे एआरएनटी या प्रथिनाशी जोडी जमवतं आणि डीएनएवर जीसीजीटीजी ही पाच अक्षरं दिसतील तिथे बसतं. लगेच सीवायपी१ए१ हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, बनू लागतं.

खरी गोम पुढे आहे. हे विकर बेंझोपायरीनवर ऑक्सिजन चढवतं, म्हणजे ते पाण्यात विरघळून बाहेर पडावं. पण दुसऱ्यांदा ऑक्सिजन चढल्यावर जे तयार होतं ते मूळ विषापेक्षा वाईट. ते थेट डीएनएमधल्या ग्वानिनला, म्हणजे ‘जी’ या अक्षराला, चिकटतं. त्याला वेळीच ग्लुटाथायोन हा पेशीतलाच छोटा रेणू जोडून निकामी करावं लागतं.

ही जोडणी करणारी विकरं वाढवतं एनआरएफ२ नावाचं प्रथिन. आई, तुला हा उधळेपणा वाटेल, पण पेशी हे प्रथिन सतत बनवते आणि कीप१ या दुसऱ्या प्रथिनाकरवी सतत मोडीत काढते. एरवी २० मिनिटांत निम्मं संपतं. कीप१ वरच्या गंधकाला असा घातक रेणू चिकटला की मोडतोड थांबते आणि एनआरएफ२ साचून कामाला लागतं. नव्याने जनुक चालू करत बसण्यापेक्षा हे झटपट होतं.

बंद करण्याची सोयही आहे. एएचआर आपल्याच विरोधकाचं, एएचआरआरचं, जनुक चालू करतं. शिवाय विकराने बेंझोपायरीन संपवलं की इशाराच उरत नाही. डायॉक्सिन या दुसऱ्या विषाचं तसं नाही. सीवायपी१ए१ ला ते जवळजवळ मोडताच येत नाही, शरीरात निम्मं व्हायला ७ ते ११ वर्षं लागतात, आणि तोवर एएचआरला डिवचत राहतं.

म्हणून ‘एनआरएफ२ वाढवा’ म्हणणाऱ्या डिटॉक्स पावडरी मला पटत नाहीत. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत कीप१ बिघडून एनआरएफ२ कायम चालू राहतं, आणि त्या गाठी औषधांनाही दाद देत नाहीत.

धुरात जावंच लागलं तर तोंडाला रुमाल बांधून भागवू नका. बेंझोपायरीन बहुतेक करून बारीक कणांना चिकटून येतं, ते नाकावर घट्ट बसलेला एन९५ अडवतो. कडेने फट राहिली तर हवा तिथूनच आत येते. वायू मात्र त्यालाही जुमानत नाहीत. तेव्हा तिथे फार वेळ थांबू नका.

तुमची,
लेक