हरिहरच्या पायऱ्यांवर पाऊण तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत हरिहर किल्ल्यावरचा लेख वाचला. पानभर 'थरार' आहे. पण पायऱ्या चढताना वरून माणसं उतरू लागली तर काय करायचं, याबद्दल एक ओळ नाही.

गेल्या श्रावणात एका रविवारी अकरा वर्षांच्या पुतणीला घेऊन मी पायथ्याच्या निरगुडपाड्याहून चढलो. कातळात कोरलेल्या त्या पायऱ्या जवळजवळ उभ्या, दोन माणसांनी एकमेकांना ओलांडणं अवघड. निम्म्यावर पोचलो आणि वरून पंधरा-वीस जणांचा घोळका उतरू लागला. खाली रांग, वर रांग, मागे सरायला कुणीच तयार नाही. पाऊस भुरभुरत होता. पोर माझ्या वरच्या पायरीवर, तिची टाच माझ्या छातीला टेकलेली. धरायला म्हणून तिने खोबणीत बोटं घातली, तर आत गुटख्याची पुडी चिखलासकट कोंबलेली. हात सटकला. मी डोकं तिच्या पाठीला लावून तिला कड्याशी दाबून धरलं. पाऊण तास आम्ही तिथेच. "काका, खाली बघू नको," असं तीच मला सांगत होती.

ज्याने त्या खोबण्या कोरल्या, त्याने चढणाऱ्याच्या जिवाचा विचार केला होता हो! १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला, तरी पायऱ्या शाबूत राहिल्या. आणि आम्ही त्यात पुड्या कोंबतो. माथ्यावरच्या दगडी कोठीचं छत अजून टिकून आहे. आत भिंतीवर कोळशाने लिहिलेली नावं आणि कोपऱ्यात खरकट्या प्लेटा. मोरोपंत पिंगळ्यांनी १६७० मध्ये हा किल्ला घेतला, हे तुम्ही छापलंत, चांगलं केलंत. ही कोठीही छापायला हवी होती.

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पायऱ्यांच्या खाली एक आणि वर एक, असे शिट्टी घेतलेले दोघे उभे करा. पंचवीस चढले की पंचवीस उतरतील. पाड्यातली पोरं हे काम उत्तम करतील, त्यांना दिवसाची मजुरी मिळेल. जंगलाची नि किल्ल्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, त्यांना एवढंही का जमू नये? कुणी दरीत गेल्यावर पहिल्या पानावर बातमी करण्यापेक्षा आत्ताच त्यांच्यामागे लागा.

आणखी एक. छायाचित्राखाली 'हरिश्चंद्रगड' छापलंय. तो अकोले तालुक्यात आहे, हा आपल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात. नाशिकच्या वर्तमानपत्रात ही चूक फार लागली. दुरुस्ती त्याच पुरवणीत, डोळ्यांना दिसेल अशी छापावी.

आपला,
एक जुना वाचक, पंचवटी, नाशिक