उशिरा आलेली गाडी

बीड

प्रिय मित्रा,

काल अखेर बीडच्या रेल्वेत बसलो. तिकीट जपून ठेवलंय, आलास की दाखवतो. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला, तेव्हा आपण दहावीत होतो. बीडहून गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. खिडकीशी बसून मी ती तीस वर्षं मोजत होतो. तेवढ्या वर्षांत आपल्या वर्गातली निम्मी पोरं ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेली, ती तिकडचीच झाली.

शंकरराव चव्हाणांपासून आपल्या मराठवाड्यानं चार मुख्यमंत्री दिले, तरी आपण मागे का, असं तू विचारलंस. मला वाटतं, आपल्याकडे गोष्टी येतात, पण वेळ निघून गेल्यावर. जालन्याला मात्र निजामाच्या काळातच रूळ होते, बाजारपेठ होती. पुढं बियाण्यांचे, सळईचे कारखाने आले तेव्हा माल चढवायला जागा तयार होती.

१९८४ मध्ये दांडेकर समितीनं विकासाचा अनुशेष काढला. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य यांत राज्याच्या सरासरीपेक्षा कोण किती मागे, ते मांडलं. आपलं दुखणं कागदावर आलं, हे फार मोठं काम होतं. पण त्यात रुपये मोजले गेले, वाया गेलेली वर्षं नाहीत. पुढं राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ मिळालं, त्याची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

जायकवाडी धरणाचंही तसंच. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा २००५ चा. तरी पाऊस कमी झाला की वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून भांडण कोर्टात जातं. निकाल लागेतो गोदावरीचं पात्र कोरडं पडतं आणि सोडलेलं पाणी वाळूतच मुरतं.

आपल्याकडे वेळेवर कोण येतो सांगू? ऊसतोडीचा मुकादम. ऐन पावसाळ्यात घरात पैसा नसतो, तेव्हा तो उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन दारात उभा असतो. बँकेचं कर्ज हातात पडेपर्यंत पेरणीची वेळ उलटलेली असते. मग दसरा-दिवाळीला नवरा-बायको मिळून एक कोयता ऊस तोडायला साखर कारखान्यावर जातो. पोरंही सोबत जातात, शाळा सुटते. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा तोच मुकादम. लोक याला आळस म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. एवढं कष्टाळू माणूस मी दुसरीकडे पाहिलं नाही. पीककर्ज मिरगाच्या आधी खात्यात पडलं आणि गावातच चार महिन्यांचं काम मिळालं, तर कितीतरी कोयते घरी राहतील.

डब्यात समोर एक विशीतला पोरगा होता, वळकटी घेऊन. नगरकडच्या सुप्याच्या एमआयडीसीत कामाला चाललेला. ‘‘रेल्वे झाली ते बरं झालं काका, जाणं स्वस्त झालं,’’ म्हणाला. गावी शेती किती, विचारलं. चार एकर, कोरडवाहू.

दिवाळीत ये. नगरहून रेल्वेनंच ये, मी स्टेशनवर येतो.

तुझाच,
बीडचा मित्र