भाषाविज्ञानाच्या पदवीचं पुढे काय करायचं, हे दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

हे पत्र मुद्दाम उघड लिहिते आहे. भाषाविज्ञानात एम. ए. करून 'आता पुढे काय' या प्रश्नापाशी अडलेल्या इतरांनाही तुमचं बोलणं उपयोगी पडावं, म्हणून. मी तुमच्या विभागाची विद्यार्थिनीही नव्हते, तरी तुम्ही माझ्यासाठी इतका वेळ काढलात.

पीएच. डी. करू का, या माझ्या प्रश्नाला तुम्ही हो किंवा नाही असं उत्तर दिलं नाहीत. फेलोशिप कोण देणार आणि किती वर्षं? त्या मार्गदर्शकांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, त्यांच्याशी बोललीस का? हे विचारलंत. विषयाची आवड आहे, हे तुम्ही गृहीतच धरलं होतं, आणि त्याचंच मला फार बरं वाटलं.

मग माझा प्रबंध मागवलात आणि थेट परिशिष्ट उघडलंत. प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, बघून स्वरांच्या सीमा आखताना मी केलेले नियम तिथे होते. दुसऱ्या फॉर्मंटची (त्या चित्रात दिसणाऱ्या स्वराच्या दुसऱ्या ठळक पट्ट्याची) ऊर्जा जिथे मावळते तिथे स्वर संपला असं धरायचं, वगैरे. प्रत्येक स्वर श्वासमिश्रित (उच्चारात श्वासाची हवा मिसळलेला) आहे की साधा, हे मी आणि मैत्रिणीने एकमेकींचं न बघता ठरवलं होतं, आणि आमची मतं किती जुळतात हे कोहेन यांच्या १९६० सालच्या कॅपा गुणांकाने मोजलं होतं. "नोकरी देणाऱ्याला हे दिसायला हवं," तुम्ही म्हणालात. बायोडेटात प्रबंधाच्या लांबलचक शीर्षकाखाली ही कामं आली, आणि मुलाखतींमध्ये त्यांवरच प्रश्न येऊ लागले.

जाहिरातींत 'भाषावैज्ञानिक' शोधू नकोस, काम शोध, हेही तुमचंच. अ‍ॅनोटेशन (भाषेच्या नमुन्यांना लेबलं लावणं), स्पीच डेटा (बोलण्याची ध्वनिमुद्रणं), कोशनिर्मिती, लोकलायझेशन (अ‍ॅप, वेबसाइट स्थानिक भाषेत आणणं). प्रोग्रामिंगच्या कोर्सला पैसे भरण्याआधी स्वतःच्याच फायलींवर पायथन चालवून बघ, असं सांगितलंत. टेक्स्टग्रिडमधून, म्हणजे प्राटमध्ये आखलेल्या सीमांच्या फायलींमधून, स्वरांची लांबी आपोआप काढणारी माझी पहिली स्क्रिप्ट चालली, त्या दिवशी मी हरखून गेले होते.

काही दारं माझ्यासाठी लगेच उघडणारी नाहीत, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. वाचा-उपचाराला वेगळी पदवी आणि रुग्णांसोबतचं प्रशिक्षण लागतं, नुसत्या भाषाविज्ञानावर तिथे काम करता येत नाही. न्यायवैद्यक भाषाविज्ञानाचं, म्हणजे गुन्ह्यांच्या तपासात भाषेचा पुरावा तपासण्याचं, मला भारी आकर्षण होतं. भाषावैज्ञानिक यान स्वार्टविक यांनी १९६८ मध्ये, ब्रिटनमध्ये खुनासाठी फाशी दिलेल्या टिमथी एव्हान्सच्या पोलिसांपुढच्या जबाबांची भाषा तपासली, तेव्हापासूनचा या शाखेचा प्रवास तुम्ही रंगून सांगितलात, आणि पूर्णवेळ जागा मोजक्याच असतात हेही लपवलं नाहीत. खरी परिस्थिती इतक्या आपुलकीने सांगणारी माणसं कमी भेटतात.

आता मी स्पीच डेटाच्या गटात आहे. लेबलिंगचे नियम लिहिते, लेबल करणाऱ्यांची मतं का जुळत नाहीत ते शोधते. श्वासमिश्रित स्वर मात्र डोक्यातून गेलेले नाहीत, म्हणून पुढच्या वर्षी पीएच. डी.साठी अर्ज करणार आहे. फेलोशिपची चौकशी केली आहे, माजी विद्यार्थ्यांशीही बोलले आहे. प्रस्तावाचा पहिला खर्डा झाला की पाठवते. वाचाल ना?

मनापासून आभार.

तुमची,
एक विद्यार्थिनी