साखर फुटली म्हणजे काय

बाळा,

रात्रीचे साडेअकरा झालेत, गुऱ्हाळावर बसून लिहायलोय. चुलवाणाजवळ माणूस आहे, तिसरं आदण, म्हणजे काहिलीत उकळणारा रस, उतरायला अजून तासभर तरी लागंल. मघाशी फोनवर तू रडलीस आणि मला काय बोलावं तेच सुचलं नाही, तुझी मम्मी म्हणाली लिहून पाठवा, ती निवांत वाचंल, म्हणून हे.

बोर्डाच्या आधीच्या सराव परीक्षेच्या, प्रिपरेटरीच्या, केमिस्ट्री पेपरचे तू पाठवलेले फोटो मी सगळे बघितले, मोठे करून, एकेक पान. ७० पैकी ३१ पडले म्हणजे मला केमिस्ट्री येतच नाही असं तू म्हणालीस, ते मला काही पटलं नाही बघ. मीपण बी.एस्सी. केमिस्ट्री घेऊनच केलंय, नंतर शेतीत पडलो ती गोष्ट वेगळी, पण कुठं विषय कळलेला नाही आणि कुठं हात घसरलाय एवढं मला अजून ओळखता येतंय. तुझा बऱ्याच ठिकाणी हातच घसरलाय.

तो डॅनियल सेलचा, म्हणजे झिंक-कॉपरच्या बॅटरीचा प्रश्न घे. झिंक आयन ०.१ मोलार, कॉपर आयन ०.०१ मोलार, ई-नॉट म्हणजे स्टँडर्ड व्होल्टेज १.१०, सेलचा ईएमएफ म्हणजे प्रत्यक्ष व्होल्टेज काढा. नर्न्स्ट इक्वेशन तू बरोबर लिहिलंयस, ०.०५९१ भागिले २ पण बरोबर, फक्त लॉगच्या आत कॉपर वर घेतलास आणि झिंक खाली. त्यामुळं उत्तर १.१३ आलं, पाहिजे होतं १.०७. आता हे उलटसुलट होऊ नये म्हणून काय पाठ करायचं नाही, सेलमध्ये काय चाललंय ते डोळ्यासमोर आणायचं. झिंकचा पत्रा विरघळतोय, झिंक आयन तयार होतायत, कॉपरचे आयन संपत चाललेत. म्हणजे झिंक आयन हे प्रॉडक्ट. ते आधीच दहापट जास्त आहेत म्हटल्यावर रिअ‍ॅक्शनला पुढं जायला जोर कमी राहणार, व्होल्टेज १.१० च्या खालीच येणार. उत्तर वर गेलं की तिथंच थांबायचं आणि लॉगकडं परत बघायचं. एवढं तपासायला अर्धा मिनिट लागतंय आणि तीन मार्क हातात राहतात.

दुसरं, सोल्युशन्सच्या गणितात मोलॅलिटी काढताना तू सगळ्या सोल्युशनच्या वजनानं भागलंयस. मोलॅलिटीत फक्त सॉल्व्हंटचं वजन घ्यायचं, तेही किलोत. १ किलो पाण्यात १८ ग्रॅम ग्लुकोज म्हणजे ०.१ मोल, पाण्याचा केबी, म्हणजे उकळबिंदू वाढीचा स्थिरांक, ०.५२, तर उकळबिंदू वाढणार ०.०५२ नं, ३७३.१५ चं ३७३.२०२ केल्विन होणार, इतकं साधं आहे ते. ग्लुकोजच्या जागी मीठ आलं की मात्र हात थांबला पाहिजे, एका मिठाचे दोन आयन होतात, व्हान्ट हॉफ फॅक्टर, म्हणजे एकाचे किती कण झाले तो आकडा, २ च्या जवळ जातोय. आणि हे सगळं पातळ सोल्युशनचं गणित आहे हं. आपल्या काहिलीत रस पहिल्यांदा उकळतो तेव्हा शंभराच्या किंचित वर असतो आणि गूळ उतरवताना पाक ११८ डिग्रीच्या आसपास गेलेला असतो, तिथं हे सूत्र लावलंस तर बरोबर येणार नाही, इतक्या घट्ट पाकाला ते लागूच पडत नाही. पण उकळबिंदू का वाढतो ते तू लहानपणापासून रोज बघितलंयस. पाणी उडून जातंय, साखर मागं राहतीय, काहील जास्त जास्त तापत जातीय.

दहावीपर्यंत तू मराठी मीडियमला होतीस आणि पीयूला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला गेलीस तर सगळंच एकदम इंग्लिश. द्रावणाचं सोल्युशन झालं, उत्प्रेरकाचा कॅटॅलिस्ट झाला, वर्गात समजावून सांगताना सर कन्नडमध्ये सांगतात आणि वहीत लिहायचं इंग्लिशमध्ये. आपल्या भागातल्या कितीतरी पोरांचं असंच होतंय. पहिले सहा महिने तू गप्प बसून असायचीस हे मला ठाऊक आहे, तेव्हा मी काय केलं नाही ह्याचं मला आता वाईट वाटतंय, मला वाटलं सवय होईल आपोआप. तर आता असं कर, विचार मराठीतच कर, अगदी मोठ्यानं बोलून कर, रूममधल्या पोरी हसल्या तर हसू देत. कळलं की मग इंग्लिशमध्ये दोन वाक्यं लिही. तुझ्या पेपरात जिथं जिथं "डिफाइन" आलंय तिथं तू गाइडातली लांबच्या लांब वाक्यं आठवायचा प्रयत्न केलायस आणि मधेच तुटलीयस. स्वतःची आखूड वाक्यं लिही, ग्रामर थोडं चुकलं तरी त्यात केमिस्ट्री बरोबर दिसली पाहिजे.

आता कायनेटिक्स, म्हणजे रिएक्शनच्या वेगाचा चॅप्टर. ह्या चॅप्टरला तू हातच लावला नाहीस, फर्स्ट ऑर्डरचं पाच मार्काचं गणित कोरं सोडलंयस, ते बघून मला सगळ्यात जास्त लागलं, कारण हा चॅप्टर तर आपल्या घरचा आहे.

सातवीत होतीस तू, आठवतंय का. संध्याकाळी ऊस गाळून झाला, रसाची टाकी भरली आणि घाण्याचं इंजिन बंद पडलं. मिस्त्री दुसऱ्या गावाहून यायचा, तो येईपर्यंत मध्यरात्र उलटून गेली, आणि रस टाकीत तसाच आठ-नऊ तास. उन्हाळ्याचे दिवस. पहाटे आदण चढवलं, मळी काढली, भेंडीचं पाणी घातलं, गुळव्यानं, म्हणजे गूळ शिजवणाऱ्यानं, चुना नेहमीपेक्षा वाढवून घातला, पाक पाण्यात टाकून गोळी बघितली तर गोळीच होईना, नुसती चिकट तार. तरी वाफ्यात ओतला. सकाळी तू शाळेला जायच्या आधी बघायला आलीस, वाफ्यात बोट घातलंस आणि बोट आत गेलं. रवा, म्हणजे गुळाची ढेप, बसलाच नाही. सगळं आदण काकवीच्या भावानं गेलं. तू विचारलंस काय झालं पप्पा, गुळव्या म्हणाला साखर फुटली. फुटली म्हणजे काय म्हणून तू माझ्या मागं लागलीस आणि मी वैतागलेलो, तुला म्हटलं मोठी झालीस की कळंल.

तर आता ऐक. ताजा रस मुळातच थोडा आंबट असतो, पीएच पाच-साडेपाचच्या आसपास. तो उघडा राहिला की त्यात बारीक जंतू वाढतात, रस आणखी आंबट होतो. त्या आंबटपणात सुक्रोजचा एक रेणू पाण्याचा एक रेणू घेतो आणि तुटतो, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज होतं. हेच ते हायड्रोलिसिस, ह्यालाच गुळव्या साखर फुटली म्हणतो. सुक्रोज असलं तर दाणा धरतोय, ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढलं की धरत नाही, उलट हवेतलं पाणी ओढून घेतंय, म्हणून तुझं बोट आत गेलं. आपण चुना घालतो तो आंबटपणा मारायला, म्हणजे फुटणं हळू व्हावं म्हणून, पण जे आधीच फुटलंय ते चुन्यानं परत जोडलं जात नाही. आणि चुना जास्त झाला तर ग्लुकोजच काळं पडायला लागतंय, म्हणून त्या दिवशी रंगपण गेला.

आता टेक्स्टबुकात बघ, स्युडो फर्स्ट ऑर्डरला हेच उदाहरण दिलंय. रिअ‍ॅक्शनमध्ये रेणू दोन आहेत, सुक्रोज आणि पाणी, पण पाणी इतकं भरपूर आहे की त्यातलं थोडं वापरलं तरी फरक पडत नाही, म्हणून वेग फक्त सुक्रोजवर ठरतो. अ‍ॅसिड हे कॅटॅलिस्ट, ते संपत नाही. बायोमॉलिक्युल्समध्येपण हेच परत येतंय. सुक्रोजचं रोटेशन, म्हणजे प्रकाश किती आणि कुठल्या दिशेनं वळतो ते, अधिक ६६.५, फुटल्यावर ग्लुकोजचं अधिक ५२.५ आणि फ्रुक्टोजचं वजा ९२.४, म्हणजे वजा बाजू जड, दिशा उलटली, म्हणून त्याला इन्व्हर्ट शुगर म्हणायचं. सुक्रोज फेहलिंगला, म्हणजे रिड्युसिंग साखर ओळखायच्या टेस्टला, दाद देत नाही, कारण ग्लुकोजचा सी-१ आणि फ्रुक्टोजचा सी-२ दोन्ही बाँडमध्येच अडकलेत, रिड्युसिंग ग्रुप मोकळा नाहीच. फुटल्यावर दोन्ही मोकळे होतात आणि लाल साका येतो. एक गोष्ट नीट कळली तर दोन चॅप्टर हलके होतात बघ.

आणि ते गणित. सुक्रोजची अ‍ॅसिडमध्ये हाफ लाइफ ३ तास दिलीय, ८ तासांनी किती शिल्लक राहणार. आपल्या टाकीतला रस काही इतक्या जोरात फुटत नाही, पण तास बघ, तेवढेच आहेत. लॉगला हात लावायच्या आधी डोक्यात कर. ३ तासांनी निम्मं, ६ तासांनी पाव, ९ तासांनी अष्टमांश. म्हणजे उत्तर ०.२५ आणि ०.१२५ च्या मधे कुठंतरी, ०.१२५ च्या बाजूला जास्त. एवढं समासात लिहून ठेव. मग ०.६९३ भागिले ३, के, म्हणजे वेगाचा स्थिरांक, आला ०.२३१ पर अवर, आणि तो पर अवर लिहायला विसरू नकोस, युनिट नसलं की मार्क जातोय. पुढचं मी करत नाही, तू कर.

ऑरगॅनिकचं मला जास्त सांगायचं नाही, तिथं तुझं बरं आहे. फक्त आल्डॉल आणि कॅनिझारोमध्ये तू गोंधळलीस. आधी अल्फा हायड्रोजन, म्हणजे आल्डिहाइड ग्रुपच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन, आहे का बघ. असला तर आल्डॉल, नसला तर कॅनिझारो, म्हणून फॉर्मल्डिहाइड आणि बेंझाल्डिहाइड कॅनिझारोला जातात. हॉफमन ब्रोमामाइडमध्ये एक कार्बन कमी होतो, तो तू तसाच ठेवलास. नेम रिअ‍ॅक्शन रोज पाच, कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून. मिटूनच हं. पुस्तक उघडं ठेवून वाचलं की सगळं येतंय असं वाटतंय, माझं फायनल इयरला असंच झालं होतं, हायलाइट केलेली पानं डोळ्यासमोर दिसायची, कुठल्या कोपऱ्यात काय आहे ते दिसायचं, आणि अ‍ॅरो कुठून कुठं जातो तेवढंच आठवायचं नाही.

दहा चॅप्टर आहेत आणि तीन आठवडे आहेत, पुरेसे आहेत. सोल्युशन्स, इलेक्ट्रो आणि कायनेटिक्स पहिल्या आठवड्यात संपव, कारण तिथंच तुझे मार्क सांडलेत. डी-ब्लॉकमध्ये परमँगनेट आणि डायक्रोमेट तेवढे पक्के कर, परमँगनेट म्हणजे आपल्या विहिरीत टाकतात ते लाल औषध, प्रॅक्टिकलला टायट्रेशन केलंस ना त्याचं, गुलाबी रंग टिकला की थांबायचं. प्रॅक्टिकलचे ३० झालेत, त्याचा आता विचार नको. आणि कुणी म्हटलं परत द्यायला एक्झाम टू आहे की पुढं, तर त्यांचं ऐकून ढिली पडू नकोस, पण मनाला धाक पण लावून घेऊ नकोस. रात्री एकनंतर जागत बसू नकोस, मम्मी दोन वेळा बोलली आहे त्याबद्दल, तुझा ऑनलाइन दिसतोय तिला.

उद्या सकाळच्या निपाणी-बेळगाव बसनं शेजारचे काका येतायत, त्यांच्याकडं डबा आणि गुळाचा छोटा रवा दिलाय, कालच्या आदणाचा, बिनहायड्रॉसचा, म्हणून रंग काळपट दिसंल. हायड्रॉस हे रिड्युसिंग एजंट, रंग घालवून गूळ पिवळाधमक करतंय, हे पण तुझ्याच धड्यातलं. रूममधल्या पोरींना दे थोडा.

आदण उतरायला आलंय, गुळव्या हाक मारायला लागलाय. सकाळी चहा घेऊन बसलीस की ते ८ तासांचं गणित पुस्तक मिटून सोडव, समासात आधीचा अंदाज लिही, आणि त्याच कागदावर खाली सुक्रोजची रिअ‍ॅक्शन लिहून फोटो पाठव. सातवीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या हातानं लिहिलेलं मला बघायचंय, मी तो कागद इथं गुऱ्हाळात टाकीजवळच्या भिंतीला लावणार आहे.

तुझे पप्पा