ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या अनामिक मदतगारांचे आभार
छातीतल्या पाण्याच्या तपासणीवरून मेसोथेलिओमाचं, म्हणजे बहुधा ॲस्बेस्टॉसच्या धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसावरणाच्या कर्करोगाचं, निदान बहुधा पक्कं होत नाही. म्हणून दुर्बिणीतून फुप्फुसावरणाचे चरबीपर्यंत खोल तुकडे घेऊन ते लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवणाऱ्यांचे आभार. त्या तुकड्यांतल्या पेशींमधली प्रथिनं तपासून, कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह (मेसोथेलिओमाकडे बोट दाखवणारी) आणि टीटीएफ-१, क्लॉडिन-४ निगेटिव्ह (ही सहसा फुप्फुसाच्या वगैरे इतर कर्करोगांत सापडतात), अशी दोन्ही बाजूंनी खातरजमा करणाऱ्या तंत्रज्ञांचेही.

सगळ्यात मोठं ऋण मात्र निवृत्त कामगारांचं. ॲस्बेस्टॉसचा संपर्क आणि आजार यांत बऱ्याचदा ३०-४० वर्षं जातात. तेवढ्या जुन्या वेतनचिठ्ठ्या त्यांनी शोधून दिल्या, बॉयलरचं लॅगिंग (उष्णता अडवणारं ॲस्बेस्टॉसचं आवरण) कोण काढायचं तेही सांगितलं. आणि त्या मावशी! नवऱ्याचे धुळीचे कपडे त्या घरी झटकून धुवायच्या, हे त्यांनीच सांगितलं. कामाचे कपडे घरी कोण धुवायचं, हा प्रश्न घरच्यांना विचारायचा बहुधा राहूनच जातो.