मंत्रिमहोदय, आमची मशीनं किलोच्या भावानं गेली

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या ज्या पेठेतल्या थिएटरात मी ऑपरेटर म्हणून हयात काढली, तिथली दोन्ही प्रोजेक्टर मशीनं गेल्या आठवड्यात भंगारवाल्यानं उचलली. थिएटर बंद झालं तेव्हा एक सरकारी साहेब केबिनमध्ये येऊन फोटो काढून गेले होते. "हा ठेवा आम्ही जपू," म्हणाले. फोटो जपले असतील.

मालकानं ग्रॅच्युइटी बुडवली. डोअरकीपर, बुकिंग क्लार्क, आम्ही सगळे अजून हेलपाटे घालतोय. साहेब, ऑपरेटरचं लायसन सरकारच देत होतं, तेही परीक्षा घेऊन. मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचा धूर छातीत भरला, तो अजून खोकल्यातून निघतोय. वीसेक मिनिटांनी रीळ संपायचं, पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. दिवाळी असो की घरातलं बाळंतपण, तो ठिपका चुकवून चालत नसे. रीळ बदललेलं पब्लिकला कळलं नाही, हीच आमची शाबासकी. मग डिजिटल आलं आणि मालक म्हणाले, बटण दाबायला पोरगा पुरे.

माझं राहू द्या. पुण्याचं पहिलं थिएटर 'आर्यन', 1915 चं, मंडईजवळ. आज तिथे वाहनतळ आहे. शेजारच्या 'मिनर्वा'चंही तेच झालं. 'प्रभात' 1934 चं. भाडेकरार संपला आणि 2014 मध्ये ते नाव उतरलं. मूळ मालक किबे मंडळींनी पुन्हा सुरू केलं म्हणून वास्तू तरी वाचली, त्यात आपल्या सरकारचा हात कुठे दिसला नाही. याच शहरात फिल्म इन्स्टिट्यूट आहे, 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. रिळं थंड खोलीत ठेवायची आणि ती दाखवणारी मशीनं रद्दीच्या गाडीत, वा!

मल्टिप्लेक्स आली तेव्हा त्यांना करमणूक करात घसघशीत सवलत. आम्ही तिकिटामागे मुकाट भरत होतो. 2017 मध्ये जीएसटी आला, तर शंभराच्या आतल्या तिकिटालाही तेव्हा 18 टक्के लावले. राज्यात हजारावर एकपडदा थिएटरं होती म्हणतात, आता निम्मीही नसतील; मोजायला कोण बसलंय? वर नियम असा की थिएटर पाडलं तरी त्या जागी पुन्हा थिएटर ठेवायचं. चालवायला मदत नाही, पाडायला मोकळीक नाही. मग मालक कुलूप लावून बसतो, इमारत कुजते आणि भरडले जातो आम्ही.

मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्या, असं मल्टिप्लेक्सवाल्यांना सांगायला 2015 मध्ये सरकारला फर्मान काढावं लागलं. 'प्रभात'ला, 'विजय' टॉकीजला कुठल्या फर्मानाची गरज होती? आपल्याकडे पुतळ्याला कोटी मिळतात, महोत्सवाला मिळतात, उद्घाटनाच्या मांडवालाही मिळतात. चालत्या गोष्टीसाठी मात्र निधी नसतो. पक्ष बदलले, फिती कापणारे हात बदलले, हे काही बदललं नाही.

थिएटर पाडायची परवानगी देण्याआधी कामगारांची देणी चुकती झाल्याचा दाखला मागा. उरलेल्या थिएटरांतल्या मशीनांची नोंद करा आणि एखादी तरी जोडी, चालू स्थितीत, लोकांना बघायला ठेवा. चालवून दाखवायला माणूस लागला तर मी येईन, मानधन नको. ग्रॅच्युइटी मात्र हवी, ती माझी आहे.

आपला,
एक लायसनधारक ऑपरेटर, पुणे