सूचना : नायलॉन मांजा आणि गच्चीचा वापर

सर्व सभासदांस,

संक्रांत जवळ आली, गच्चीवर पोरांची गर्दी सुरू झाली. पतंग जरूर उडवा, पण नायलॉन मांजा सोसायटीत आणू नका, कोणाकडे दिसला तर कार्यालयात आणून द्या. हा धागा तुटत नाही, कातडी कापतो. गेल्या वर्षी आपल्याच एका सभासदाच्या गळ्याला स्कूटरवर असताना तो अडकला. मफलरचे दोन पदर चिरले गेले, म्हणून गळा वाचला. तो मफलर मी हातात घेऊन पाहिलाय. ब्लेडने कापावा तशी सरळ चीर होती.

राष्ट्रीय हरित लवादाने जुलै 2017 मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली. निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली गुन्हा आहे. पालकांनो, मुलांची फिरकी स्वतः तपासा.

गच्चीच्या कठड्यावर चढू नये. विजेच्या तारेत अडकलेला पतंग काठीने काढू नये, तो गेला तर जाऊ द्या.

दुचाकीवर हेल्मेट आणि गळ्याभोवती जाड रुमाल हवाच. कोणी जखमी दिसल्यास स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा, 108 ला फोन करा. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ संरक्षण देतं, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने थांबू नका.

झाडांवर लटकलेला मांजा रविवारी सकाळी 8 वाजता काढू. पक्षीही त्यातच अडकतात. कात्री घेऊन या.

सचिव